हुंकाराला हुंकार: पहिल्या तीन वर्षांत बाळाशी बोलायचं कसं

माझ्या पाळणाघरात मूल ठेवायला येणारे आईबाबा पहिल्या भेटीत हमखास दोन प्रश्न विचारतात. "जेवेल ना नीट?" हा एक आणि "तुम्ही काय काय शिकवता?" हा दुसरा. बाळ असतं आठ महिन्यांचं, अजून धड रांगतही नसतं. पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्यावर उलट विचारते, "बाळ हूं म्हणालं की तुम्ही काय करता?" बहुतेक जण नुसते हसतात. एक बाबा म्हणाले होते, "व्हिडिओ काढतो."

सुरुवात तिथूनच करायची आहे. दीड-दोन महिन्यांचं तान्हं 'आ', 'ऊ', 'अंगू' करायला लागलं की आपल्याकडे म्हणतात, बाळ हुंकार भरायला लागलं. आजी गोष्ट सांगायला बसली की ऐकणाऱ्यानेही हुंकार द्यायचा असतो, नाही दिला तर ती मधेच थांबून विचारते, "झोपलास का रे?" दोन्हीकडे शब्द एकच आहे. समोरून हूं आलं तरच पुढे सांगावंसं वाटतं, आजीलाही आणि बाळालाही.

पहिल्यांदाच आईबाबा झालेले, नातवंड सांभाळायला गावाहून आलेले आजी-आजोबा, घरी बाळ बघायला येणाऱ्या ताई-मावश्या, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. विकत काही आणायचं नाही. वेगळा वेळही काढायचा नाही. आंघोळ, जेवण, लंगोट बदलणं, धुणं वाळत घालणं यातच सगळं बसतं.

समोरून हूं आलं नाही तर

1970च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग अचानक चेहरा कोरा करून दोन-तीन मिनिटं नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही. काही महिन्यांची ती बाळं आधी बुचकळ्यात पडतात. मग आईला परत आणायचा प्रयत्न करतात: हसून दाखवतात, आवाज काढतात, हात पुढे करतात. तरीही काही नाही म्हटल्यावर तोंड फिरवतात, मलूल होतात किंवा भोकाड पसरतात. बोलता न येणाऱ्या जिवालाही माहीत असतं, की आपण काही केलं की समोरून काहीतरी यायला हवं. आपल्या घरांत हा प्रयोग रोज होतो, फक्त कोऱ्या चेहऱ्यासमोर मोबाईल असतो.

या देवाणघेवाणीतून बाळ दोन गोष्टी एकदमच शिकतं. माणसं भरवशाची असतात, हे एक. आणि 'मी असं केलं की तसं होतं', हे दुसरं. सामाजिक विकास आणि बौद्धिक विकास ही दोन वेगळी प्रकरणं पुस्तकात असतात, बाळाच्या अंगात ती वेगळी नसतात.

पायरी पहिली: आधी बघा

नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचं बरं दिसतं. दूध पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर असतो. तिचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकत असतं. जन्मून जेमतेम तीन दिवस झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजासाठी चोखणी वेगळ्या लयीत चोखतात, हे 1980 मध्येच दाखवून झालं आहे. तेव्हा 'अजून त्याला काय कळतंय' हे वाक्य घरातून पहिल्या दिवशीच हद्दपार करा.

पहिला आठवडाभर फक्त बाळाच्या खुणा ओळखायला शिका. डोळे टक्क उघडे, अंग शांत, तुमच्याकडे टकमक बघतंय: याचा अर्थ 'ये, बोल'. तोंड फिरवणं, जांभई, उचकी, पाठीची कमान, मुठी आवळणं: 'पुरे आता'. नव्या लोकांची चूक इथे होते. बाळाने मान वळवली की आपण त्या बाजूला जाऊन खुळखुळा वाजवतो. त्याने दार लावलं आणि आपण खिडकीतून डोकावलो, असला प्रकार. त्याला जरा थांबू द्या. सहसा मिनिटभरात ते स्वतःच परत वळून बघतं, आणि तो क्षण तुमचा.

पायरी दुसरी: उत्तर द्या

उत्तर म्हणजे काय, हे मी शिकले ते आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंकडून. पाय लांब करून पाटावर बसायच्या, बाळ पायांवर आडवं. तेल तळहातावर चोळून आधी पावलांना. बाळाने पाय आखडला की हात तिथेच थांबायचा. "काय झालं? नको? गार लागला होय गं माझा हात?" बाळ 'ऊं' करायचं. "हां, लागलंच गार. थांब हं." हात पुन्हा एकमेकांवर घासून गरम करायच्या आणि मग पाय. पोटावर आल्या की स्वर बदलायचा, छातीवर आल्या की आणखी वेगळा. बाळाला दोन दिवसांत कळलेलं असायचं की हा स्वर आला म्हणजे आता पाणी येणार. त्या बाईंनी बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. (त्या नाकाकानात तेल सोडायच्या, ते मात्र करू नका. बालरोगतज्ज्ञ त्याला ठाम नाही म्हणतात.)

तर उत्तर म्हणजे एवढंच: बाळाने आवाज काढला तर तोच आवाज परत करा. चेहरा केला तर तो चेहरा करा. आखडलं, दचकलं, हसलं तर ते शब्दांत सांगा. आवाज आपोआप उंच आणि लांबट होतो, "काऽऽय गं सोनूऽऽ" असा. तो होऊ द्या, लाजू नका. जगभरात मोठी माणसं बाळाशी थोड्याफार फरकाने तशीच बोलतात आणि बाळांना तोच स्वर आवडतो.

रडण्याचं काय? "सारखं उचललं की हाताची सवय लागते" हे प्रत्येक नव्या आईला कुणीतरी ऐकवतंच. मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने आधी युगांडात आणि मग बाल्टिमोरमध्ये आई आणि बाळांना त्यांच्या घरी जाऊन तासन् तास पाहिलं. बाल्टिमोरच्या निरीक्षणांवरून 1972 मध्ये तिने सहकारी सिल्व्हिया बेलबरोबर लिहिलं, की पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच दाद मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती आणि जास्त बोलून, खुणेनं सांगत होती. त्यावर पुढे वादही झाले, पण इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मी बिनदिक्कत सांगते, सहा महिन्यांच्या आतलं बाळ लाडानं बिघडत नाही. उचला. दर वेळी दुसऱ्याच सेकंदाला पोचलं पाहिजे असं नाही. गॅसवर दूध असेल तर स्वयंपाकघरातून "आले हं, आले" एवढा आवाज दिला तरी ते ऐकतं.

पायरी तिसरी: गप्प बसा

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि मी स्वतः हिच्यात सपशेल नापास झाले होते. माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी दिवसभर त्याच्याशी बोलायचे. मला त्याचा अभिमानही होता. एकदा माझ्या नणंदेने आमचा दोघांचा व्हिडिओ काढला आणि रात्री मी तो पाहिला. मी अखंड बडबडते आहे. "हे बघ भालू, भालूचं नाक, भालूचे कान, कुठंय भालू, हा बघ भालू." मुलाने त्यात तीन वेळा तोंड उघडलं, ओठ हलवले, आवाज काढायच्या बेतात आला आणि तिन्ही वेळा मी पुढचं वाक्य टाकून त्याला बंद पाडलं. चौथ्यांदा त्याने प्रयत्नच केला नाही. अंगठा तोंडात घालून पंख्याकडे बघत बसला.

तेव्हापासून माझा नियम: एक वाक्य बोला आणि मग मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. भुवया उंचावलेल्या, चेहरा वाट बघणारा, तोंड बंद. पाच ही संख्या फार लांब वाटते, करून बघा. बाळाचा मेंदू ऐकतो, जुळवतो, मग ओठ-जीभ हलवतो. आपल्यासारखं झटपट नाही होत. तिसऱ्या-चौथ्या आकड्यावर हात हलतो, पाचव्यावर 'अग्गं' येतं. आलं की तुमची बारी. नाहीच आलं, तरी हरकत नाही, पुढचं वाक्य बोला आणि पुन्हा थांबा.

मुलाच्या कानावर किती शब्द पडतात याची एकेकाळी फार चर्चा होती. 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांत पहिल्या काही वर्षांत तीन कोटी शब्दांचा फरक पडतो असा हिशेब मांडला. तो आकडा पुढे बराच वादात सापडला, पण त्यातून 'बोला, बोला, सारखं बोला' असा सल्ला सगळीकडे पसरला. नंतरचं संशोधन जास्त कामाचं आहे. 2018 मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना पाहिलं, तर मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या कामाशी नातं दिसलं ते मोठ्यांनी किती शब्द बोलले याच्याशी नव्हे, मूल आणि मोठं माणूस यांच्यात किती वेळा बोलणं इकडून तिकडे गेलं याच्याशी. माझा तो भालू काही कामाचा नव्हता, असं त्याचं मराठी भाषांतर.

अबोल माणसांनी, विशेषतः "मला काय बोलायचं सुचत नाही" म्हणणाऱ्या बाबांनी आणि आजोबांनी, हे वाचून खूश व्हायला हरकत नाही. तुमचा हात इथे आमच्यापेक्षा वरचढ आहे.

पायरी चौथी: बोट जिकडे, नजर तिकडे

नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान एक मोठी घटना घडते आणि बहुतेक घरांत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दात, पाऊल, पहिला शब्द यांचे फोटो निघतात. बोटाचा निघत नाही. बाळ लांबच्या वस्तूकडे बोट दाखवतं आणि लगेच वळून तुमच्याकडे बघतं: तुलाही दिसलं का?

आमच्याकडे एक दहा महिन्यांची मुलगी होती. वीज गेलेली, दुपार, सगळी मुलं घामाघूम. वीज आली आणि पंखा फिरायला लागला. तिने वर बोट केलं, 'अऽऽ' म्हणाली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत होते. हात तसाच ठेवून वर बघितलं. "पंखा! पंखा आला. गारगार." तिने परत पंख्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "हो, पंखा." पाचेक वेळा हे झालं. भात थोडा गार झाला, इतकंच नुकसान.

त्या क्षणी 'पंखा' हा शब्द तिला चिकटतो, कारण तिचं मन आधीच तिथे गेलेलं असतं. त्याच वेळी मी "इकडे बघ, इकडे बघ, हा घे काऊचा घास" म्हटलं असतं तर काऊही गेला असता आणि पंखाही. म्हणून नियम असा: मुलाला आपल्या वस्तूकडे वळवण्याआधी आपण त्याच्या वस्तूकडे वळायचं.

हे काम पडद्याला जमत नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस प्रत्यक्ष बसून खेळलं, गोष्ट वाचली. अशा बारा बैठका झाल्या. काहींना तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस असलेली बाळं चिनी ध्वनींतले बारीक फरक ओळखायला लागली. व्हिडिओवाली काहीच शिकली नाहीत. भाषा तीच, वेळ तेवढाच. पण पडदा बाळाच्या बोटाकडे बघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची 2019ची शिफारस स्पष्ट आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, पुढे दिवसाला फार तर एक तास. परगावच्या किंवा परदेशातल्या आजीशी व्हिडिओ कॉल मी यात धरत नाही, कारण पलीकडची आजी थांबते, हसते, उत्तर देते.

"मोबाईल लावल्याशिवाय घास जात नाही" ही तक्रार मी रोज ऐकते. त्यावर जादू नाही. आठवडाभर जेवण कमी जाईल, खिमट जमिनीवर सांडेल, आजीचा जीव वरखाली होईल. बाळाला तुमच्या पंगतीत बसवा, त्याच्या हातात मऊ भाताचा एक गोळा द्या, त्याने तोंड उघडलं की भरवा, मिटलं की थांबा. पोट भरल्याचं ते सांगत असतं आणि आपण पडद्याच्या नादात त्याचं ते सांगणंच बंद पाडतो. आठ-दहा दिवसांनी बहुतेक मुलं रुळतात. वजन वाढत नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

पायरी पाचवी: एका शब्दाला दुसरा जोडा

वर्ष ते दीड वर्षाच्या सुमारास शब्द येतात. आता बाळाने दिलेलं थोडं वाढवून परत करायचं. ते म्हणालं "भू". तुम्ही म्हणा, "हो, भूभू. काळा भूभू." थांबा. ते म्हणालं "काऽऽ". "काळा भूभू पळाला!" त्याने 'पानी' म्हटलं की "पानी नाही, पाणी म्हण" असं करू नका, "पाणी हवंय? हे घे पाणी" म्हणा. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, अपमान झाला नाही.

आणखी एक मोडायची सवय म्हणजे तोंडी परीक्षा. "हे काय? आणि हा रंग कुठला? काकांना सांग ना, गाय कशी करते?" पाहुण्यांसमोर तर हे फारच चालतं. तुम्हाला उत्तर माहीत आहे हे मुलाला कळतं आणि ते तोंड मिटून बसतं. त्यापेक्षा साधं निवेदन करा. मटार सोलताना "ही शेंग फुगलीय. फोडूया. अरे, एक, दोन, तीन... आणि हा बारका." बघा, मोजणं आलं, मोठं-बारकं आलं, प्रश्न एकही नाही. मूल स्वतःच पुढची शेंग उचलतं. (दाणा नाकात जाणार नाही एवढी नजर ठेवा, पाच वर्षांच्या आतल्या मुलाजवळ अख्खे शेंगदाणे-फुटाणे तर नकोतच.)

आता भाषेचं. "बेबी, वॉटर पी. बनाना फिनिश कर." हे मी रोज संध्याकाळी दारात ऐकते, ज्यांचं आपसातलं भांडण अस्सल मराठीत चालतं अशा लोकांकडून. शाळेत अडायला नको म्हणून करतात, हेतू चांगला असतो. पण आपल्याला जी भाषा कसरत न करता येते, जिच्यात आपण चिडवतो, लाडावतो, खोटं खोटं रागावतो, तिच्यातच हूं ला हूं पटकन देता येतं. दुसऱ्या भाषेत आपण शंभर नामांवर येऊन थांबतो. आजी अहिराणी किंवा मालवणी बोलत असेल तर बोलू द्या. दोन-तीन भाषा ऐकल्याने मुलाचा गोंधळ होत नाही आणि त्यामुळे बोलणं अडतही नाही. बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत असाल तर बाहेरची भाषा मूल बाहेरून उचलेलच. मराठी मात्र तुमच्या घरातूनच जाईल नाहीतर जाणार नाही.

पायरी सहावी: भांडी, डबे आणि बुवा कुक

पदराआड तोंड लपवून 'बुवा कुक' करणं हा पोरखेळ वाटतो. आठ महिन्यांच्या आसपास बाळाला कळू लागतं की दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली नसते. पदराआड आई आहेच, येणारच. म्हणूनच त्या वयात ते खदखदून हसतं आणि म्हणूनच त्याच वयात तुम्ही न्हाणीघरात गेलात की टाहो फोडतं. शोध एकच, फळं दोन. निघताना मागच्या दाराने गुपचूप सटकू नका. "ऑफिसला जाते, संध्याकाळी येते, टाटा" असं सांगून, रडलं तरी सांगून, जा. पाळणाघरात मी बघते, सांगून गेलेल्या आईचं मूल दहा मिनिटं रडतं. सटकलेल्या आईचं मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं.

खेळणी महाग असण्याची काही गरज नाही याचा भक्कम पुरावा जमैकातून आला. 1986-87 मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी उंची खुंटलेली 129 मुलं निवडली, वय 9 ते 24 महिने. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून तासभर जायची, घरच्या सामानातून केलेली खेळणी न्यायची आणि आईला मुलाशी खेळायचं, बोलायचं कसं ते करून दाखवायची. वीस वर्षांनी तपासलं तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांच्याकडे अशी भेट झाली नव्हती त्यांच्यापेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त होती. त्याच अभ्यासात काही मुलांना नुसता पोषक आहार दिला होता, त्याचा कमाईवर असा परिणाम दिसला नाही. आहार नको असं नव्हे, आहारासोबत माणूस हवा.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे आधीच ओळखलं होतं. 1945 मध्ये पालघरच्या बाजूला बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी बालवाड्या चालवल्या, तिथे मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीच्या विलायती साधनांऐवजी पानं, शिंपले, बिया, खडे आले. मूल अंगणात येत नसेल तर अंगणच मुलाकडे न्यायचं, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच. सरकारी अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली.

तुमच्या घरात आत्ता काय आहे? झाकणाचे डबे, वाट्या, जुनी ओढणी, कपड्यांचे मोठे चिमटे. मुलाला डबा द्या आणि बसा. त्याला झाकण लागत नसेल तर लगेच लावून देऊ नका. ते चिडायच्या थोडं आधी, फक्त झाकण सरळ धरा. उरलेलं त्याला दाबू द्या. मदत इतकीच, की काम त्यानेच केलं असं त्याला वाटेल. उद्या त्याहून कमी.

पायरी सातवी: बिनसलं की जुळवून घ्या

इथवर वाचून कुणाला धास्ती वाटली असेल, तर ट्रॉनिकचीच दुसरी गोष्ट सांगते. नेहमीच्या, सुखी आई-बाळांना त्याच्या गटाने बारकाईने पाहिलं तेव्हा दोघांचं सूत जुळलेलं असायचं ते जेमतेम 30 टक्के वेळ. बाकी वेळ एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. बाळाला झोप येतेय, आई खेळवतेय. आई दमलीय, बाळाला उड्या मारायच्या आहेत. पण थोड्या वेळात ती पुन्हा जुळायची. बाळ शिकतं ते बरंचसं या पुन्हा जुळण्यातून.

दोन वर्षांचं मूल दुकानात जमिनीवर लोळण घेतं तेव्हा समजावणं, धमकी, चॉकलेट, तिन्ही निरुपयोगी असतात. त्या वेळी त्याला ऐकूच येत नसतं. त्याच्या उंचीवर खाली बसा. "राग आला. बाहुली हवी होती." एवढंच, आणि मग गप्प. लोक बघतात, बघू देत. मी स्वतः मुलावर हात उगारलेला आहे, खोटं कशाला बोलू. त्या रात्री त्याच्याजवळ जाऊन "आई फार ओरडली ना? आईचं चुकलं" म्हटलं. तो अडीच वर्षांचा होता. त्याने माझ्या गालाला हात लावला आणि "परत नाय करायचं" असं मला माझ्याच स्वरात सुनावलं.

बाळाची माणसं

आईच हवी का? नोकरी करणाऱ्या आईचं पोट या प्रश्नाने कायम ढवळलेलं असतं. आपल्या कायद्याने 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही संघटित क्षेत्रातल्या बाईला. पुढे काय?

रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांत 2000 नंतर 136 मुलांचा अभ्यास झाला. तिथे खायला होतं, छप्पर होतं, पण एका बाईच्या वाट्याला पुष्कळ मुलं आणि पाळ्या सतत बदलणाऱ्या. कुणाचा हुंकार कुणी ऐकायचा? मुलांची बुद्धी आणि माणसांशी जडणारा लळा, दोन्ही मागे पडले होते. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून पालक-कुटुंबांत ठेवलं. ती सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली सगळ्यात जास्त. ती माणसं त्यांची जन्मदाती नव्हती. रोजची होती, ठरलेली होती, त्यांना त्या मुलाच्या खुणा ठाऊक होत्या.

म्हणून पाळणाघर बघायला गेलात तर भिंतीवरची चित्रं आणि कॅमेरे नंतर बघा. कोपऱ्यात पंधरा मिनिटं बसा. एखादं मूल आवाज करतं तेव्हा कुणी मान वळवतं का? लंगोट बदलताना ताई मुलाशी बोलते की दुसऱ्या ताईशी? एकीकडे किती तान्ही बाळं आहेत आणि त्या बाया किती वर्षं तिथे टिकून आहेत? दर तीन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर तिथून निघून या. घरी येणाऱ्या ताईलाही ही सगळी पद्धत नीट सांगा, आणि तिचा पगार वेळेवर द्या. तीही बाळाचं माणूस आहे.

आईचंही एक. बाळंतपणानंतर आठवडा-दोन आठवडे रडू येणं साहजिक आहे. पण पुढेही मन उदास राहिलं, बाळाकडे बघावंसंच वाटेना, तर तो स्वभाव नव्हे, आजार आहे आणि तो बरा होतो. डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

कधी दाखवून आणायचं

"याचा बापही उशिरा बोलला होता" हे ऐकून थांबू नका. तीन महिन्यांनंतरही माणसाकडे बघून हसू नाही. सहा महिन्यांनी आवाजाकडे वळत नाही. वर्ष उलटून दोन-तीन महिने झाले तरी बोट दाखवणं, टाटा करणं नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली तरी "आई ये" सारखे दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, आधी येत असलेलं गेलं. यातलं काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि पहिल्यांदा कान तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही सोय आहे: 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आशाताई घरी येतात तेव्हा लसीचं झालं की हेही विचारा. माता-बाल संरक्षण कार्डावर कुठल्या महिन्यात काय यायला हवं त्याची चित्रं आहेत, ते कार्ड कपाटात पडून राहतं.

पहिल्या आठवड्यात

सातही पायऱ्या एकदम चढू नका. आंघोळ, जेवण, झोप यातलं एकच काम निवडा, शक्यतो जे तुमच्या अंगावर रोज येतं ते. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत, उलटा नव्हे, दुसऱ्या खोलीत. पहिले दोन दिवस नुसतं बघा. तिसऱ्या दिवसापासून बाळ देईल ते परत करा. पाचव्या दिवशी पाचपर्यंत मोजायला लागा. सातव्या दिवशी घरातल्या कुणाला तरी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा आणि रात्री बाळ झोपल्यावर आवाज मोठा करून बघा. बाळ तोंड उघडतं तेव्हा तुम्ही काय करत होतात, तेवढंच शोधा.

मी आता उठते. साडेपाच वाजले, पालक यायला लागतील, आणि दीड वर्षांचा एक गृहस्थ मगापासून माझा पदर ओढून खिडकीकडे बोट दाखवतो आहे.